सावलीत वाळवलेली निर्गुडी

सरळच सांगते. ते पत्रक मीच लिहिलं होतं. कुणी लिहायला लावलं नव्हतं. सांगलीला कॉलेजात असताना आम्ही सहा-सात जण मिळून पत्रकं काढायचो. बुवाबाजी, ताईत, अंगात येणं, सगळ्यांवर. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायचं, मनगटापर्यंत शाईनं काळं व्हायचं आणि बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहून लोकांच्या हातात कागद कोंबायचे. वाक्य तोकडं पाहिजे, लागलं पाहिजे आणि त्यात ‘कदाचित’ नको, एवढं शहाणपण मी तिथं शिकले. मला ते चांगलं जमायचं. इतकं चांगलं, की एका बाईचा अख्खा हिवाळा मी पाऊण पानात मोडला.

ती बाई धनगरीण. आमचं गाव कोरेगावच्या अंगाला, ऊस आणि आल्याचं. तिचं तिकडं पूर्वेला, कवठे महांकाळच्या माळावर, जिथं पाऊस आला तर आला. दिवाळी झाली की ती बिऱ्हाड घोड्यावर लादून आणि मेंढरं हाकत आमच्याकडं यायची. रिकाम्या शेतात वाघर लावायची, म्हणजे दोरीची जाळी, आणि तिच्यात चार-सहा रात्री कळप कोंडायचा. शेताला खत मिळायचं, तिला धान्य आणि मेंढरांना टेकायला जागा. माझ्या जन्माआधीपासून हे असंच चाललेलं. नवरा गेल्यावर सून आणि मुलगा हाताशी घेऊन कळप तीच चालवत होती. डावा पाय किंचित ओढायची, पण मेंढरांच्या मागं चालताना तिचं ते ओढणंही त्यांच्या चालीचाच भाग वाटायचं.

माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले ते दोन सुजरे गुडघे घेऊन. ती आली की पहिलं काम आबांचे गुडघे. घोड्यावरच्या ओझ्याखाली, घोंगडीच्या सावलीत, तिनं निर्गुडीच्या पाल्याची पेंडी बांधून आणलेली असायची. निगडी म्हणायची ती. गाडग्यात पाणी, पाण्यात पाला, वर घट्ट झाकण. मग झाकण तिरकं करून गुडघ्यांना वाफ, आणि शेवटी गरम पाला फडक्यात बांधून त्यावर. कडवट, हिरवा, ओल्या लोकरीसारखा वास ओसरीभर पसरायचा. लहानपणी मला त्या वासानं झोप यायची. अर्धवट डोळ्यांना दिसायचं की आबांचा चेहरा सैल झालाय, जणू कुठल्या तरी लांबच्या बर्फातल्या ठाण्यावरून ते हळूहळू उतरून घरी येताहेत.

पत्रकाच्या त्या साली मात्र मी झोपले नाही. वही घेऊन बसले. पाला सावलीतच का वाळवायचा, मी विचारलं.

“उनात घातला की रुसतो.”

“कोण रुसतो?”

“पाला गं. तू उनातनं आल्यावर तुजं तोंड कसं व्हतं?”

आबा हसले. मी ‘रुसतो’ असं वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. पत्रकाचा मथळा तिथंच ठरला: ‘रुसणारा पाला आणि फसणारी माणसं.’ त्यात एक ओळ होती: लंगडत येणारी धनगरीण स्वतःचा पाय बरा करू शकत नाही, ती तुमचा गुडघा काय बरा करणार? या ओळीवर आमचा सगळा गट हसला. मीही हसले. बाईचं नाव आम्ही घातलं नव्हतं, याचाही मला अभिमान होता. जणू आमच्या पंचक्रोशीत पाय ओढणाऱ्या पन्नास धनगरणी येत होत्या.

पुढच्या दिवाळीनंतर आबांचं कार्ड आलं. ‘तुझ्या पत्रकाप्रमाणे कार्यवाही केली आहे. मेंढरे शेतात घेतली नाहीत. गावातील मंडळींनाही वाचून दाखविले. गुडघे ठीक आहेत. काळजी नसावी.’ ते मी गटात मोठ्यानं वाचलं. टाळ्या पडल्या.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आबा भिंत धरून चालत होते. तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सूज थोडी उतरायची, पण पोटात आग पडायची, मग गोळ्या बंद, मग पुन्हा सूज. आईनं भाकरी थापता थापता बाकीचं सांगितलं. हवालदारांनी जागा नाही दिली म्हटल्यावर गावात कुणीच दिली नाही. त्या बाईनं आठ दिवस रस्त्याकडेच्या उघड्या माळावर कळप बसवला. थंडीनं कोकरं दगावली. आणि आता येत्या दिवाळीलाही कुणी देणार नव्हतं, कारण हवालदारांनी एकदा सांगितलं ना.

मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. थंडीचा, डॉक्टरांचा, गावाचा. एखादा कागद वाचून माणसं अशी दगड कशी होतात याचा. माझं पत्रक बरोबरच होतं याबद्दल मला शंका नव्हती. फक्त ते सिद्ध करायचं राहिलं होतं. ते केलं की आबांचं भिंत धरणंही फुकट जाणार नाही, असं काहीतरी मी मनाशी जुळवलं.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या बाई होत्या. सुती साडीच्या पदराला आम्लानं पडलेली बारीक भोकं, आणि बोलणं इतकं हळू की मागच्या बाकावरचे पुढं येऊन बसायचे. डॉक्टरेटसाठी त्या पांढऱ्या पेशींवर काम करत होत्या. शरीरात कुठं काटा मोडला, मार लागला, की रक्तातल्या या पेशी तिकडं धावतात, गर्दी करतात, आणि ती जागा सुजते, तापते. काम झालं की पांगतात. काही सांध्यांमध्ये मात्र त्या पांगतच नाहीत, येतच राहतात. बाई उंदराच्या पोटातून या पेशी काढत, केसाएवढ्या बारीक काचनळीत भरत आणि ती नळी द्रवानं भरलेल्या छोट्या काचेच्या डबीत ठेवत. डबी अंगाच्या उबेएवढ्या उबेत एक दिवस राहायची. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की नळीच्या तोंडातून पेशी बाहेर पडून काचेवर पसरलेल्या दिसायच्या, हातपंख्यासारख्या.

तो पंखा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सकाळचं ऊन खिडकीतून सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर पडत होतं. आतलं सगळं मोतिया रंगाचं. हजारो ठिपके, कडेला विरळ होत गेलेले, आणि प्रत्येकाच्या आत काहीतरी सरकत असल्यासारखं. माझ्या, आबांच्या, त्या उंदराच्या, सगळ्यांच्या आत ही अशी मुकी गर्दी वाहतेय आणि तिला माझ्या पत्रकांबद्दल काहीही ठाऊक नाही.

बाई सूक्ष्मदर्शकाला लावलेल्या आरशाच्या जोडणीतून तो पंखा कागदावर रेखाटायच्या, कात्रीनं कापायच्या आणि तो कपटा नाजूक तराजूत ठेवायच्या. कागद जड तर पंखा मोठा, म्हणजे पेशी लांबवर गेल्या. मी म्हटलं, बाई, आम्ही कागदाची रिमंच्या रिमं वाटतो, वजन कधी केलं नाही. बाई म्हणाल्या, करून बघा कधीतरी.

निर्गुडीचा पाला मी हरिपूरच्या वाटेवरून आणला. आता ऐका, मी काय केलं. तो हॉस्टेलच्या गच्चीवर, भर चैत्राच्या उन्हात, दहा दिवस वाळवला. मुद्दाम. रुसतो काय, बघतेच, म्हणून. कुरकुरीत झाल्यावर उघड्या पातेल्यात निम्मं पाणी आटेपर्यंत उकळला. तो अर्क बाईंनी डबीतल्या द्रवात घातला. दुसऱ्या दिवशी पंखा साध्या डबीतल्याएवढाच. कागदाचं वजनही जवळपास तेवढंच. मी टाळी वाजवली. दुसरं पत्रक डोक्यात तयार होतं.

बाईंनी कात्री खाली ठेवली. ती धनगरीण पाला असाच करते का, असं विचारलं. मी सांगितलं, नाही, ती सावलीत वाळवते, झाकण घालून थोडाच उकळते, पण ती अंधश्रद्धा आहे.

“मग तू तिचा पाला तपासलाच नाहीस,” बाई म्हणाल्या. “तुझा तपासलास.”

पुढं त्यांनी समजावलं की काही पानांत उडून जाणारी तेलं असतात, ऊन आणि उघडी वाफ दोन्ही ती घेऊन जातात. रुसतो म्हणा, उडतो म्हणा. माझे कान तापले. अंधश्रद्धेवर पंधरा पत्रकं लिहिणारी मी. न तपासता काय खोटं आहे ते मला आधीच माहीत होतं.

आषाढात मी कवठे महांकाळची एसटी धरली. तिकडचा आषाढ म्हणजे वारा. ढग डोक्यावरून घाईनं कुठं तरी दुसरीकडं पडायला चाललेले, आणि त्यांच्या सावल्या माळावरून सरकत जात. फाट्यावर उतरून तासभर चालले. त्या सावल्यांतून चालताना आपण जागच्या जागी उभे आहोत आणि माळच मागं जातोय असं वाटत होतं. ती घराबाहेर मागावर बसली होती, घोंगडी विणत. मला ओळखलं. हात थांबला नाही.

“कागदवाली आली गं,” ती आतल्या सुनेला म्हणाली. “पाणी आन. लांबनं लंगडत आली आसंल.”

पत्रक तिला शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं, दोनदा. मी पाणी प्यायले. मग बाईंच्या काचेचं सांगून पाल्याचं विचारायला सुरुवात केली. तिनं मध्येच तोडलं.

“आदी पायाचं ऐक. दुष्काळाच्या साली वढ्यात कोकरू अडाकलं, ते काढताना पडली. हाड मोडलं, वाकडं बसलं. हाडाला पाला लागू न्हाई. सुजंला हाय. हाड जोडती म्हणून मी कवा कुनाला सांगितलं?”

“नाही सांगितलंत,” मी म्हटलं.

“मंग लिवलंस कशाला?”

लोकांना हसू यावं म्हणून लिहिलं होतं. तेच सांगितलं. ती धोटा इकडून तिकडं टाकत राहिली. वारा लोकरीचे तंतू उडवत होता, ते तिच्या केसांत आणि माझ्या पुस्तकांच्या पिशवीवर जाऊन बसत होते. शेवटी तिनं दारातून घरातल्या आढ्याकडं बोट केलं. तिथं अंधारात पेंड्या टांगलेल्या होत्या. एक ने, म्हणाली, आणि घोंगड्या घेऊन सांगलीच्या बाजाराला येईन तवा तुमची ती काच बघीन.

ती खरंच आली. कमरेला पदर, खांद्यावर चार घोंगड्या, आणि प्रयोगशाळेच्या दारात पायताणं काढून. आम्ही तीन डब्या आदल्या दिवशी लावल्या होत्या: एक नुसत्या द्रवाची, एक माझ्या उन्हातल्या पाल्याची, एक तिच्या पाल्याची. बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. आधी तिनं भलताच डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग तिला दिसलं. दुपारचं ऊन तिच्या गालावर होतं, आणि त्या काचेत काय बघत असेल ती, कुठला माळ, मला कधी कळणार नाही.

“ही चालत्यात व्हय?”

बाई म्हणाल्या, अगदी हळू, दिवसभरात एवढं.

“वाघरीचं तोंड सोडल्यावनी पांगल्यात.”

दुसरी डबीही तशीच पांगलेली. तिसरी ठेवली. पंखा नव्हताच. नळीच्या तोंडाशी नखाएवढी गर्दी, बस्स. तिनं मान वर केली, ही का गप हाईत, विचारलं. मी छाती पुढं काढून सांगितलं, तुमच्या पाल्यानं. वाटलं, खूश होईल. तिच्या कपाळाला आठी पडली.

“गप हाईत का मेल्यात?”

मी बाईंकडं पाहिलं.

“मेलेली मेंढरं बी गपच आसत्यात, पोरी.”

बाईंनी फळीवरून निळ्या रंगाची बाटली काढली. मला म्हणाल्या, हे तू विचारायला हवं होतंस. मेलेली पेशी तो निळा रंग आत घेते, जिवंत पेशी घेत नाही, बिनरंगी राहते. बाईंनी तिसऱ्या डबीतल्या पेशी थेंबभर रंगात मिसळल्या. त्या दोन मिनिटांत मला जे वाटलं ते लिहून टाकते: सगळ्या निळ्या निघाव्यात असं माझ्यातल्या अर्ध्या माणसाला वाटत होतं. निळ्या म्हणजे पाला विष. निळ्या म्हणजे माझं पत्रक खरं, आबांचे हाल कारणी, आणि उघड्या माळावरच्या आठ दिवसांचा दोष माझ्यावर नाही. ती धनगरीण मात्र स्टुलावर ताठ बसली होती, हात मांडीवर, स्वतःचा कळप मोजला जात असल्यासारखी.

बाईंनी मोजल्या. मला मोजायला लावल्या. भिंगाखाली कुठंकुठं निळा ठिपका, बाकी सगळ्या काचेसारख्या स्वच्छ.

“जिवंत आहेत,” बाई म्हणाल्या.

“मंग ठीक हाय,” म्हातारी म्हणाली आणि श्वास सोडला.

बाईंनी मला आणि तिला दोघींनाही बजावलं की काचेवर घडलं ते गुडघ्यात घडेलच असं नाही, हे एका उंदराचं आहे, पुन्हा पुन्हा करावं लागेल. म्हातारी घोंगड्या उचलत म्हणाली, काचंला गुडघा नसतोच की, बाई. गुडघा हवालदारास्नी हाय. मग दारात थांबून माझ्याकडं वळली.

“मला तुजा नवा कागूद नगं. दिवाळी झाल्यावर मेंढरं कुठं बसवू, त्येवडं सांग.”

कागद तरीही लिहावा लागला, कारण बिघडवलं कागदानं होतं. गटानं तो छापायला नकार दिला. त्यात तीन वेळा ‘कदाचित’ होतं, दोन वेळा ‘आम्हांला ठाऊक नाही’. याला पत्रक म्हणत नाहीत, म्हणाले. एकानं सुचवलं की सरळ ‘आपल्या थोर प्राचीन विद्येचा विजय’ असा मथळा दे, लोक उचलून धरतील. त्याच्याशी मी भांडले. न तपासता ‘खोटं’ म्हणणारा आणि न तपासता ‘थोर’ म्हणणारा, दोघं एकाच सतरंजीवर बसलेले असतात. मी उठून आले होते, पुन्हा दुसऱ्या टोकाला बसायला नव्हे. शेवटी हँडल मी एकटीनंच फिरवलं. पहिलं पत्रक चुकीचं होतं, पाल्यानं काचेवरच्या पेशी न मारता थांबवल्या, गुडघ्याचं अजून माहीत नाही, आणि धनगरणीच्या पायाबद्दल लिहिलेलं नीच होतं, एवढाच मजकूर.

आबांनी तो उभ्यानं वाचला, एका हातानं चौकट धरून.

“ह्यात ऑर्डर कुठं हाय?”

“ऑर्डर नाही, आबा. पहिल्यातही नको होती.”

“मंग मी काय करू?”

“तुम्ही ठरवा.”

आबा माझ्यावर कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले. “तुज्या कागदापायी वरीसभर भितीला धरून चाललो, आन् आता म्हणतीस तुमी ठरवा?” त्यांनी काठी घेतली आणि चावडीकडं निघाले. मी मागं. तिथं त्यांनी सगळा कागद खणखणीत वाचला, ‘नीच’सकट. कुणीतरी म्हणालं, हवालदार, तुमची पोरगी वर्साला वारं बदलती. आबा म्हणाले, “चुकलं तर पाठीमागं फिरायला बी आमाला शिकवलंय. तुमाला कुनी शिकवलं न्हाई वाटतं.” हशा झाला. चार-पाच जणांनी हात वर करून शेत देतो म्हटलं. बाकीचे पान चघळत उठून गेले. देणाऱ्यांची नावं मी कार्डावर लिहून तिच्या गावच्या मास्तरांकडं धाडली.

दिवाळीनंतर एका सकाळी कळप आला. धुकं अजून उसाच्या शेंड्यांवर होतं आणि मेंढरं त्यातून जमिनीला न टेकता तरंगत यावीत तशी आली. आबा बांधावर वाट बघत होते. “या अक्का, ह्ये शेत तुमचंच,” म्हणाले.

ती थांबली. आमच्या शेताकडं पाहिलं, मग ओढ्यापलीकडं. तिथं एका तुकडेवाल्याचं अर्ध्या एकराचं खडकाळ रान होतं. मागल्या हिवाळ्यात त्याची बायको आठही दिवस गावाच्या नजरेआड माळावर गरम भाकरी नेऊन देत होती, हे तिच्या सुनेनं आम्हांला त्या क्षणी सांगितलं.

“आदी त्येचं,” ती म्हणाली. “मंग ज्यांनी चावडीत हात वर केला त्यांचं. तुमचं शेवटाला, हवालदार.”

मी काही बोलणार, तेवढ्यात आबांनी मान हलवली. बरोबर हाय, म्हणाले, लायनीतच उभं ऱ्हायाचं.

मेंढरं ओढ्याकडं वळली, सून आणि मुलगा त्यांच्यामागं. ती मात्र वळली नाही. घोड्यावरच्या घोंगडीखाली हात घालून पेंडी काढली आणि आमच्या ओसरीची वाट धरली.

“गुडघ्याला लाइन न्हाई,” ती म्हणाली. “चल पोरी, पानी ठेव. झाकान घट घाल.”

मी झाकण घट्ट घातलं. वाफ आबांच्या गुडघ्यांवरून वर चढली, त्यांचे डोळे मिटले, आणि तो कडवट हिरवा वास घरभर पसरला. त्या सुजेच्या आत पेशी थांबत होत्या, की नुसती ऊब आणि तिचा हात काम करत होता, मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. ओढ्यापलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. आमचं शेत रिकामं होतं आणि अजून वीस-पंचवीस दिवस रिकामंच राहणार होतं.